सहीआधी वही

या आठवड्याचे पत्र विलेपार्ले पूर्वेहून आले आहे. ते बरेच मोठे आहे, म्हणून आवश्यक तेवढाच भाग येथे देत आहे.

"माझे वय ३७ आहे. पणजोबांनी १९३४ साली गिरगावात एक चाळ विकत घेतली. १९५१ साली ते गेले आणि चाळ आजोबांकडे आली. बाबांनी १९९४ मध्ये पार्ल्यातल्या जुन्या इमारती पाडून नव्या बांधायला सुरुवात केली आणि काकांच्या सोबतीने अकरा इमारती पूर्ण केल्या. आमच्याकडे गणपतीत दाराबाहेर चपलांना जागा नसायची. २०१६ मध्ये बाबांनी मुलुंडची ४४ घरांची सोसायटी पुनर्विकासाला घेतली आणि त्याच वर्षी शहाडकडे मोकळी जमीनही घेतली. मुलुंडची इमारत रिकामी झाली, सहावा स्लॅब पडला आणि २०१९ मध्ये काम थांबले. सभासदांचे भाडे आधी उशिरा, मग अर्धे आणि गेली दोन वर्षे मुळीच जात नाही. विक्रीच्या घरांपैकी १७ घरांचे बुकिंग झालेले आहे. वित्तकंपनीचे ३८ कोटींचे कर्ज व्याजासह ६१ कोटींवर गेले आहे. शिवाय नातेवाइकांकडून महिना दीड टक्क्याने घेतलेले पैसे आहेत, त्यांचा आकडा फक्त बाबांना ठाऊक आहे. काका वेगळे झाले. आता वित्तकंपनी म्हणते की मी वैयक्तिक हमी दिली आणि चाळीतला आमचा हिस्सा गहाण ठेवला, तर ती कर्जाची पुनर्रचना करील. मुदत महिनाअखेरची आहे. चाळीसाठी ताईचे हक्कसोडपत्र लागेल. तिने नकार दिल्यापासून घरात अबोला आहे. राहते घर बक्षीसपत्राने माझ्या नावे करावे, मी नोकरी सोडून व्यवसाय हाती घ्यावा, असे बाबांच्या मनात आहे. आईने दागिने काढून ठेवले आहेत. बाबा आता घराबाहेर पडत नाहीत. फक्त महिन्याच्या पहिल्या रविवारी गिरगावात जाऊन भाडेकरूंना स्वतःच्या हाताने पावत्या फाडून देतात. त्यांचे नाव वाचवण्यासाठी मी काय करू?"

सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे मी थोड्या वेळाने येते, कारण त्याआधी एक तातडीची गोष्ट सांगायची आहे. महिनाअखेरीस त्या हमीपत्रावर सही करू नका. वडिलांचा उतरलेला चेहरा, वित्तकंपनीच्या माणसाचा मवाळ आवाज, "एवढी एक सही झाली की सगळे मार्गी लागेल" हे आश्वासन, यांपैकी कशानेही विरघळू नका. एका सहकारी बँकेच्या वसुली विभागात मी ३१ वर्षे काढली आणि जामीनदारांच्या सह्या घेताना मी स्वतः टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलेली आहे. एकदा आम्ही कागद घेऊन एका कर्जदाराच्या घरी गेलो, तेव्हा त्याची पत्नी कणीक मळत होती. तिने पदराला हात पुसले, कुठे सही करायची एवढेच विचारले, तीन ठिकाणी सही केली आणि ती पुन्हा आत गेली. तिच्या बोटांचे पीठ कागदाच्या कडेला लागले होते. कागदात काय लिहिले आहे हे तिने विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही. चार वर्षांनी तिच्या माहेरून मिळालेली ठाण्यातली खोली लिलावात गेली, त्या दिवशी फाइल उघडली तेव्हा कडेचा तो पांढरट डाग तसाच होता. कायद्याच्या दृष्टीने आमचे काहीही चुकले नव्हते. मला मात्र त्या कागदाची आजही लाज वाटते आणि म्हणूनच तुम्हाला मी इतक्या आग्रहाने लिहीत आहे.

जामीन राहणे म्हणजे अडीअडचणीला पाठीशी उभे राहणे, असा आपल्याकडे समज आहे. १८७२ चा करार कायदा तसे म्हणत नाही. त्याच्या दृष्टीने जामीनदाराची जबाबदारी मुळच्या कर्जदाराइतकीच असते आणि करारात वेगळे काही ठरलेले नसेल, तर कर्ज देणाऱ्याने आधी कर्जदाराच्या मागे लागावे आणि मग जामीनदाराकडे यावे असेही बंधन नाही. १ डिसेंबर २०१९ पासून कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांवर दिवाळखोरी कायद्याखाली स्वतंत्र कारवाई करता येते आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद वैध ठरवली आहे. तुमच्या वडिलांनी अशी हमी दिलेली असणार, हे मी गृहीत धरते. तुम्ही ती अजून दिलेली नाही, त्यामुळे त्या ६१ कोटींपैकी एक रुपयाही आज कायद्याने तुमच्याकडून येणे निघत नाही. बापाचे कर्ज मुलाने फेडलेच पाहिजे, हा हिंदू कायद्यातला जुना धर्माज्ञेचा नियमही २००५ च्या दुरुस्तीने नव्या कर्जांपुरता संपुष्टात आलेला आहे. उद्या वारसा आला, तरी वारसाची जबाबदारी त्याच्या वाट्याला आलेल्या मालमत्तेपुरतीच असते. मग वित्तकंपनीला तुमची सही कशासाठी हवी आहे? तुमची नोकरी आहे, पगार दर महिन्याला जमा होतो, पुढची वीस-पंचवीस वर्षे तुमच्या हातात आहेत, आणि वडिलांच्या सहीमागे आता ओढून घेण्यासारखे फारसे उरलेले नाही.

पुनर्रचना या शब्दाने माणसाला हायसे वाटते, म्हणून तिचा अर्थ वित्तकंपनीकडून लेखी मागा. बहुतेक वेळा थकलेले व्याज मुद्दलात मिळवले जाते, हप्त्यांच्या तारखा पुढे ढकलल्या जातात आणि तारण वाढवून घेतले जाते. तुम्ही त्यांना एकच प्रश्न विचारा: या सहीनंतर सातव्या स्लॅबसाठी नवे पैसे किती देणार आणि कोणत्या तारखेला देणार? याचे उत्तर आकड्यात मिळाले नाही, तर सहावा स्लॅब सहावाच राहणार आहे आणि त्याच्याखाली तुमच्या आजच्या संसाराबरोबर गिरगावची चाळही जाणार आहे.

आणखी एक गोष्ट आजच तपासा. तुम्ही कंपनीचे संचालक आहात की नाही, हे तुमच्या पत्रात कुठेही लिहिलेले नाही. कुटुंबाच्या कंपनीत मुलाला केव्हातरी कागदोपत्री संचालक करून ठेवतात आणि मुलाला त्याची आठवणही नसते. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ते पाहता येते. तुमचे नाव निघाले आणि एखाद्या धनादेशावर तुमची सही असेल, तर परिस्थिती वेगळी होते. धनादेश न वटण्याचा गुन्हा सही करणाऱ्यापर्यंत पोहोचतो आणि त्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. राजीनामा दिला म्हणून आधीचे देणे पुसले जात नाही. हे सगळे वकिलासमोर ठेवा आणि तो वकील वडिलांच्या कंपनीचा नको, तुमचा स्वतःचा असू द्या, कारण या प्रकरणात कंपनीचे हित आणि तुमचे हित आता एक राहिलेले नाही.

आता हे सगळे कशामुळे झाले, याविषयी लिहिते, कारण तुमच्या पत्रात, वर न दिलेल्या भागात, "बाजार पडला" एवढे एकच कारण आले आहे आणि ते मला पुरेसे वाटत नाही. तुमच्या वडिलांचा उत्कर्ष खरा होता, हे आधी सांगते. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने टीडीआर (एका जागेचा बांधकामाचा हक्क दुसऱ्या जागेवर वापरण्याची सोय) आणला, उपनगरात जुन्या दोन-तीन मजली इमारतींच्या जागी सात मजले उभे राहू लागले आणि पार्ल्यासारख्या ठिकाणी, जिथे सभासद बिल्डरला नावाने आणि घराण्याने ओळखत होते, तिथे शब्दावर विश्वास ठेवून घरे रिकामी करून दिली गेली. अकरा इमारतींमधली माणसे आज आपापल्या घरात राहत आहेत. ही कमाई लहान नाही आणि पुढे जे घडले त्याने ती पुसली जात नाही.

पण त्या काळात धंदा चालायचा तो एका विशिष्ट पद्धतीने. एका इमारतीच्या बुकिंगचे पैसे दुसऱ्या इमारतीसाठी महापालिकेला भरायच्या प्रीमियमला आणि सभासदांच्या भाड्याला जायचे, दुसरीचे तिसरीला, आणि किमती दर वर्षी चढत असल्यामुळे शेवटी सगळ्यांचा मेळ बसायचा. त्याला कोणी अफरातफर म्हणत नसे, "रोटेशन" म्हणत. चढत्या बाजारात त्या सवयीने कोणाचे नुकसान झालेले दिसत नव्हते, म्हणून ती सवय आहे हेच कोणाच्या लक्षात आले नाही. १ मे २०१७ पासून रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठीचा स्थावर संपदा कायदा, पूर्णपणे लागू झाला आणि ग्राहकांकडून आलेल्या रकमेतला ७० टक्के भाग त्या त्या प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवणे, तो जमीन आणि बांधकामाच्या खर्चासाठीच वापरणे आणि वास्तुविशारद, अभियंता व सनदी लेखापाल यांच्या दाखल्यांशिवाय न काढणे बंधनकारक झाले. ग्राहकाच्या बाजूने हा नियम अत्यंत योग्य आहे. रोटेशनवर चालणाऱ्या घराण्याच्या धंद्याचा मात्र त्यामुळे श्वास अडला, कारण शहाडच्या जमिनीत अडकलेले पैसे मुलुंडच्या बुकिंगमधून भरून काढण्याचा रस्ता बंद झाला. तेव्हा तुमच्या वडिलांपुढे दोन मार्ग होते. शहाडची जमीन तोट्यात विकून मुलुंड पूर्ण करावे, किंवा वित्तकंपनीचे महाग कर्ज काढून दोन्ही धरून ठेवावे. त्यांनी दुसरा मार्ग घेतला. सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस या बड्या वित्तकंपनीने देणी थकवली आणि वित्तकंपन्यांचेच पैसे आटले. ज्यांनी हप्त्याहप्त्याने कर्ज देण्याचे कबूल केले होते त्यांनी पुढचे हप्ते रोखले. २०२० मध्ये टाळेबंदी आली. त्यानंतर राज्य सरकारने सप्टेंबर २०२० ते मार्च २०२१ या काळात मुद्रांक शुल्कात सवलत दिली, तेव्हा मुंबईत घरांची विक्री उसळली. ज्यांच्याकडे विकायला तयार घरे होती ते सावरले. तुमच्या वडिलांकडे सहा स्लॅबचा सांगाडा होता.

हे सगळे धंद्यातले नुकसान आहे आणि असे नुकसान प्रामाणिक माणसाचेही होते. मला जास्त काळजी वाटते ती तुमच्या पत्रातल्या एका वेगळ्याच वाक्याची: नातेवाइकांकडून घेतलेल्या पैशांचा आकडा फक्त बाबांना ठाऊक आहे. काकांना तो ठाऊक नव्हता, आईला नाही, तुम्हाला नाही. मुलुंडच्या सभासदांना दर महिन्याला "पुढच्या महिन्यात" असे सांगितले गेले. माझ्या अनुभवात घराणी बुडतात ती याच टप्प्यावर, कारण शहाडची जमीन २०१८ मध्ये विकता आली असती, पण त्यासाठी आधी घरात बसून "जमले नाही" असे मोठ्याने म्हणावे लागले असते. तुमच्याकडे दर लक्ष्मीपूजनाला वहीपूजन होत असेल. वहीवर हळदकुंकू पडले, पण ती वही घरात कोणी उघडून वाचली नाही.

म्हणून पहिले काम वही उघडण्याचे. या आठवड्यात वडिलांच्या शेजारी बसून एक कागद तयार करा. त्यावर वित्तकंपनीचे देणे, १७ ग्राहकांकडून आलेली रक्कम, ती ७० टक्क्यांच्या खात्यात आज किती आहे, ४४ सभासदांचे थकलेले भाडे, ठेकेदार आणि माल पुरवणाऱ्यांची थकबाकी, आणि हातउसने किंवा व्याजाने घेतलेला प्रत्येक रुपया, ज्याच्याकडून घेतला त्याच्या नावासह लिहा. वेगळ्या खात्यातून पैसे गैरमार्गाने काढले गेले असतील, तर ते तुम्हाला इतर कोणाकडून कळण्याआधी वकिलाला कळलेले बरे. वडील चिडतील, उद्या पाहू म्हणतील, आकडे गोल करून सांगतील. तरी उठू नका. आवाज चढवू नका आणि "असे का केले" हेही विचारू नका. त्या दिवशी फक्त किती, कोणाचे आणि केव्हापासून एवढेच विचारा. काकांनाही बोलवा. वेगळे झाले म्हणून त्यांनी पूर्वी दिलेल्या हमी आपोआप सुटलेल्या नाहीत, हे त्यांनाही समजायला हवे.

आता नावाविषयी. तुमच्या वडिलांचे नाव वित्तकंपनीच्या फायलीत वाचणार किंवा बुडणार नाही. ते मुलुंडच्या ४४ घरांत आहे, आणि तुमच्या पत्रात त्या घरांविषयी फक्त एक वाक्य आहे. भाडे थांबल्यावर त्या घरांत काय होते ते मी जवळून पाहिलेले आहे. दर अकरा महिन्यांनी भाडेकरार संपतो, नवा दलाल, नवी अनामत, पुन्हा टेम्पो. मुलुंडमध्ये परवडत नाही म्हणून माणसे डोंबिवलीला जातात आणि मुलांची शाळा मुलुंडलाच राहते. निवृत्त माणूस भविष्यनिर्वाह निधीतून दुसऱ्याच्या घराचे भाडे भरतो, स्वतःच्या मालकीचे घर कागदावर असताना. काही वृद्ध माणसे नवे घर न बघताच जातात आणि त्यांचे तेरावे भाड्याच्या खोलीत होते. रेराची नोंदणी सर्वसाधारणपणे विक्रीच्या भागाची असते, त्यामुळे १७ ग्राहकांना व्याजाची किंवा परताव्याची मागणी करता येते. जुन्या सभासदांकडे मात्र विकास करारनामा, त्यांचे स्वतःचे करार आणि न्यायालय एवढेच असते. म्हणून त्यांच्याकडे आधी जायला हवे.

सोसायटीच्या समितीला पत्र देऊन सभा बोलवायला सांगा आणि वडिलांना घेऊन तिथे जा. ते येऊ शकत नसतील, तर त्यांच्या सहीचे निवेदन घेऊन तुम्ही जा, परंतु कंपनीच्या वतीने कसलेही नवे आश्वासन देऊ नका. इमारत आम्हाला पूर्ण करता येणार नाही, हे स्पष्ट सांगा. शिवीगाळ होईल आणि ती ऐकून घ्यावी लागेल. त्यानंतर त्यांना जे देता येण्यासारखे आहे ते द्या, आणि ते तुम्हाला वाटते त्याहून बरेच मोलाचे आहे: मंजूर नकाशे, आयओडी (बांधकामाची प्राथमिक मंजुरी), सीसी (काम सुरू करण्याचा दाखला), महापालिकेला भरलेल्या प्रीमियमच्या पावत्या, माती परीक्षणाचा अहवाल, आरसीसी सल्लागाराचे आराखडे, सहा स्लॅबच्या काँक्रीटच्या चाचण्या. पुनर्विकास अडकलेल्या सोसायट्यांची कितीतरी वर्षे ही कागदपत्रे जुन्या बिल्डरकडून मिळवण्यातच जातात. बिल्डर ती दाबून धरतो, कारण त्याच्या हातात सौदा करायला तेवढेच उरलेले असते. तुम्ही ती स्वतःहून, यादी करून, पोच घेऊन सुपूर्द करा.

इमारत पूर्ण होण्याचा खरा मार्ग बहुधा दुसरा विकासक आणण्याचा आहे. त्यासाठी सोसायटी, वित्तकंपनी आणि तुमची कंपनी या तिघांना एका टेबलावर यावे लागेल. रेरा कायद्यानुसार प्रकल्पातले बहुतांश हक्क आणि दायित्वे दुसऱ्याकडे द्यायची, तर दोन तृतीयांश ग्राहकांची लेखी संमती आणि महारेराची, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाची, पूर्वपरवानगी लागते. सोसायटीला नवा विकासक नेमताना ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयातली कार्यपद्धती पाळावी लागेल. महारेराने सुरू केलेल्या सलोखा मंचात ग्राहक संघटना आणि विकासकांच्या संघटना या दोघांचे प्रतिनिधी बसतात. १७ ग्राहकांशी तिथे बोलणी करता येतील. वित्तकंपनी सुरुवातीला नाही म्हणेल. पण सहा स्लॅबच्या सांगाड्याला खाली ४४ घरांचा हक्क चिकटलेला असताना लिलावात काय किंमत येईल, याचा हिशेब तिच्याकडेही आहे, आणि पूर्ण झालेल्या विक्रीच्या घरांतूनच तिचे पैसे सुटण्याची काही शक्यता आहे. तुमची सही मिळण्याची आशा संपल्यावर ती या बोलण्याला बसेल, असे मला माझ्या नोकरीच्या अनुभवावरून वाटते. दरम्यान तारण मालमत्तेच्या ताब्यासाठी ६० दिवसांची नोटीस आली, तर ती कपाटात ठेवू नका. मुदतीत लेखी हरकत द्या. प्रत्यक्ष ताब्याची पावले उचलली गेली, तर कर्जवसुली न्यायाधिकरणात जाण्यासाठी ४५ दिवस असतात आणि ते फार लवकर संपतात.

नातेवाइकांच्या पैशांबाबत दोन चुका सर्रास होतात, त्या टाळा. जो मोठ्याने ओरडतो त्याला गुपचूप थोडे देऊन गप्प करायचे आणि जी विधवा आत्या काही बोलत नाही तिला थांबवून ठेवायचे, ही पहिली चूक. पुढच्या तारखेचे धनादेश वाटायचे, ही दुसरी. सर्वांना एकाच मजकुराचे पत्र पाठवा, त्यात घेतलेली रक्कम मान्य करा आणि व्याज आता देता येणार नाही हे लिहा. मात्र पाठवण्यापूर्वी तो मजकूर वकिलाला दाखवा, कारण ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा राज्याचा १९९९ चा कायदा अशा व्यवहारांना लागू होऊ शकतो आणि तो गंभीर आहे.

बक्षीसपत्र करून घेऊ नका. मुलाच्या नावे घर करताना मुद्रांक शुल्क नाममात्र लागते, म्हणून हा सल्ला वडिलांना कोणीतरी सहज दिला असेल. परंतु ज्यांचे देणे आहे त्यांना चुकवण्याच्या हेतूने केलेले हस्तांतर न्यायालयात रद्द होऊ शकते आणि त्या दिवसापासून तुम्ही कटात सामील असलेला मुलगा ठरता. ४४ घरे रस्त्यावर असताना बिल्डरने स्वतःचे घर मुलाच्या नावे केले, ही बातमी मुलुंडला पोहोचायला एक दिवसही लागणार नाही. सभेत खरे बोलण्याची जी एकमेव ताकद तुमच्याजवळ आहे, ती त्या दिवशी जाईल. घर विकावे लागले तर उघडपणे विका. आईचे दागिने मात्र तिचे स्त्रीधन आहे आणि ते वडिलांच्या कर्जाला बांधील नाही. मंगळसूत्रासारखा अलंकार तर दिवाणी प्रक्रिया संहितेनेच जप्तीतून वगळला आहे. ते दागिने तिला परत तिच्या कपाटात ठेवायला सांगा. तिने ते मनापासून काढून दिले असतील, पण दीड टक्क्याच्या व्याजात ते दोन महिने पुरणार नाहीत.

तुमची ताई बरोबर आहे, आणि हे घरात तुम्हीच म्हटले पाहिजे. पणजोबा १९५१ मध्ये, म्हणजे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या आधी गेले. त्यांनी मृत्युपत्र केलेले नसेल आणि २० डिसेंबर २००४ पूर्वी वाटणी झालेली नसेल, तर ती चाळ वडिलोपार्जित सहदायिक, म्हणजे जन्मानेच हक्क मिळणारी, मालमत्ता ठरण्याची शक्यता मोठी आहे. तसे असेल, तर २००५ ची दुरुस्ती आणि सर्वोच्च न्यायालयाचा ११ ऑगस्ट २०२० चा निकाल यांनुसार मुलीचा हक्क जन्मतः मुलाइतकाच आहे. म्हणजे वडील तिच्याकडे मागत आहेत ती औपचारिक सही नाही. तिने आपला हिस्सा वित्तकंपनीला द्यावा असे ते म्हणत आहेत, आणि बहीण भावासाठी हक्क सोडते या रिवाजाच्या आड ती मागणी झाकली गेली आहे. चाळीचे भाडे किरकोळ असले, तरी १ सप्टेंबर १९४० पूर्वीची उपकरप्राप्त (दुरुस्तीचा उपकर लागू असलेली) इमारत म्हणून पुनर्विकासात तिची किंमत मोठी आहे, हे वित्तकंपनीला पुरते ठाऊक आहे. त्या चाळीत भाडेकरूही आहेत आणि तारण बुडाले, तर त्यांची गाठ अशा मालकाशी पडेल ज्याला गिरगावात कोणी ओळखत नाही. ताईच्या नकाराने आज ती चाळ वाचलेली आहे. तिला फोन करा. वडिलांच्या वतीने बोलू नका. तुम्ही गप्प राहिलात त्याबद्दल स्वतःपुरते बोला.

नोकरी सोडू नका. घरात येणारा तोच एक स्वच्छ पैसा आहे. व्यवसाय हाती घेण्यासारखा आता उरलेला नाही; उरले आहे ते निस्तरणे, आणि ते शनिवार-रविवारी, रजा काढून, वकिलाच्या मदतीने करता येते.

राहिले वडील. ते झोपतात का, जेवतात का, निरवानिरवीचे काही बोलतात का, इकडे लक्ष ठेवा. कर्जात बुडालेल्या माणसाचे गप्प होणे मी हलके समजत नाही. त्यांना एकटे ठेवू नका, घरच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा, आणि गरज वाटली तर टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर कोणत्याही वेळी मराठीत बोलता येते, तो आई, तुमची पत्नी आणि तुम्ही, तिघांनीही जवळ ठेवा.

पहिल्या रविवारी ते गिरगावला जातील तेव्हा त्यांच्यासोबत जा. पार्ल्याहून चर्नी रोडपर्यंत धिम्या गाडीत पाऊण तास हाताशी असतो. मुलुंडचा विषय गाडीत काढू नका, १९९४ च्या पहिल्या इमारतीविषयी विचारा आणि त्यांना बोलू द्या. चाळीत पोहोचल्यावर पावतीपुस्तक तुम्ही धरा, नावे आणि रकमा त्यांना लिहू द्या, जिना चढताना हात द्या. घरी परतल्यावर, जेवण झाले की, त्याच टेबलावर कोरा कागद ठेवा आणि मुलुंडच्या पहिल्या सभासदाचे नाव त्यांनाच सांगायला सांगा.